दंगल कोणीं सुरू केली?

सुशिक्षित घरांतून गुप्तपोलिसी कादंबरीची जी स्थिति आहे ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती घरांत येते, घरांतील निम्मी मंडळी ती वाचतात, परंतु पाहुण्यांच्या दृष्टीस पडेल अशा कपाटांत तिला जागा मिळत नाहीं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारावर व काळ्या पहाडावर ज्यांचें बाळपण पोसलें, तेहि वयांत आल्यावर त्या वाचनाचा उल्लेख किंचित् ओशाळ्या सुरांत करितात. आम्हीहि त्यांपैकींच. इतिहास शिकविण्यांत आयुष्याचा बराच काळ घालविल्यावर मात्र आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, या उपेक्षित वाङ्मयाचा इतिहासाला एके ठिकाणीं फार उपयोग आहे. आणि तें ठिकाण म्हणजे सरकारी दप्तर जेथें मौन धरतें तें.

कांहीं वर्षांपूर्वीं दंगलींच्या सरकारी चौकशांवर आम्ही वर्गांत बोलत होतों. तात्कालिक कारण आणि मूलभूत कारण हा जो भेद आमच्या पाठ्यपुस्तकांनीं पिढ्यान्‌पिढ्या पढविला आहे, तो आम्हीं फळ्यावर दोन रकाने पाडून नेटकेपणानें मांडला. तास संपतां संपतां मागच्या बांकावरून एका विद्यार्थिनीनें विचारलें, "पण सर, हें सगळें खरें धरलें तरी दंगल सुरू कोणीं केली?" आम्हीं जें उत्तर दिलें त्यानें तिचें समाधान झालें नाहीं, आमचेंहि झालें नाहीं. पुढें थोड्याच दिवसांत चेस्टर हाइम्झ या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची १९६९ सालची एक कादंबरी आमच्या हातीं आली. तींत एक गोरा पोलीस अधिकारी आपल्या हाताखालच्या दोन काळ्या गुप्तपोलिसांस नेमका हाच प्रश्न टाकतो आणि तपास करून उत्तर आणण्यास सांगतो. त्या उत्तराकडे जाण्यापूर्वीं ज्या वस्तींत ही कथा घडते तिचा इतिहास थोडा विस्तारानें पाहिला पाहिजे.

न्यूयॉर्क शहरांतील मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागांत हार्लेम ही वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती बहुतांशीं गोऱ्यांची होती. पुढें दक्षिणेकडील राज्यांतून व वेस्ट इंडीजमधून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनीं ती भरली, आणि १९२० नंतर काळ्या अमेरिकेची जणूं राजधानी अशी तिची ख्याति झाली. या वस्तीला लागूनच, मॉर्निंगसाइडच्या उंचवट्यावर, कोलंबिया विद्यापीठ आहे. तेथें १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. आंबेडकरांचें अध्ययन झालें, हें महाराष्ट्रीय वाचकांस सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेंतील दास्यविमोचनासाठीं झटलेल्या लोकांस. तेव्हां या कथेशीं आपलें नातें अगदींच नवें नाहीं.

हार्लेमची रचना अशी होती कीं, राहणारे काळे; घरमालक व दुकानदार बहुधा गोरे; आणि पोलीस जवळजवळ सारे गोरे. सॅम्युएल बॅटल हा कृष्णवर्णीय शिपाई १९११ सालीं शहराच्या पोलीसदलांत घेतला गेला, तेव्हां ती एक अपूर्व गोष्ट होती. त्याच्या सहकाऱ्यांनीं बराच काळ त्याच्याशीं बोलणें टाकलें होतें आणि ठाण्यांतील निशाणें ठेवण्याच्या माळ्यावर त्याला निजावें लागे. एकशें पंचविसावा रस्ता ही हार्लेमची मुख्य बाजारपेठ. पण तेथील मोठ्या दुकानांतून काळ्या गिऱ्हाइकाचा पैसा चाले, काळी मुलगी विक्रेती म्हणून चालत नसे. १९३४ सालीं बहिष्कार व निदर्शनें झालीं तेव्हां एका मोठ्या दुकानानें थोड्याशा कृष्णवर्णीय मुली कामावर घेण्याचें कबूल केलें.

यानंतरच्याच वर्षीं, १९ मार्च १९३५ रोजीं दुपारीं, याच रस्त्यावरील क्रेस नांवाच्या दुकानांत लिनो रिव्हेरा या सोळा वर्षांच्या मुलानें एक खिशांतला चाकू उचलला. किंमत कांहीं सेंट. दुकानांतील माणसांनीं त्याला धरलें, झटापटींत तो त्यांच्या हाताला चावला. पोलीस आला. दुकानदारास फिर्याद करावयाची नव्हती, म्हणून गर्दी टाळण्याकरितां पोलिसानें त्या मुलास तळघरांतून मागच्या दारानें सोडून दिलें. येथपर्यंत सर्व कांहीं समंजसपणाचें होतें. परंतु दुकानांतील गिऱ्हाइकांनीं एवढेंच पाहिलें कीं, एका काळ्या मुलाला धरून आंत नेलें आणि तो परत आला नाहीं. तळघरांत त्याला मारताहेत, असें एक बाई ओरडली. चावा घेतलेल्या नोकरांसाठीं रुग्णवाहिका आली ती रिकामीच परत गेली. तेवढ्यांत दुकानाजवळ एक शववाहिनी येऊन उभी राहिली. तिचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता. पण जमलेल्या लोकांच्या मनांत हिशेब पुरा झाला. मुलगा मेला.

या ठिकाणीं एक बारीक गोष्ट आहे, आणि आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म तिच्यांत आहे. जमलेल्या स्त्रियांनीं पोलिसांस विचारलें होतें, मुलगा कोठें आहे? उत्तर मिळालें तें असें कीं, तुम्हांला त्याच्याशीं काय करावयाचें आहे, घरीं जा. सत्य पोलिसांच्या बाजूला होतें. मुलगा जिवंत होता, आणि मामुली गोष्ट म्हणून त्यांनींच त्याला सोडलें होतें. तीन वाक्यांत हें सांगतां आलें असतें. परंतु ज्या लोकांना कांहीं सांगण्याची कधीं संवयच नव्हती, त्यांना त्या दिवशीं तरी कां सांगावें? संध्याकाळीं पत्रकें निघालीं, सभा भरूं लागल्या, पोलिसांनीं वक्त्यांना खालीं ओढलें, एक दगड कांचेवर बसला. रात्रभर दुकानें फुटत राहिलीं. मध्यरात्रीनंतर पोलिसांना रिव्हेरा सांपडला, आणि तो धडधाकट आहे हें जगाला दाखविण्यासाठीं त्याचें एक छायाचित्र काढण्यांत आलें. त्या चित्रांत त्याच्या शेजारीं कोणाला उभें करावें? त्याच सॅम्युएल बॅटलला; तो आतां लेफ्टनंट झाला होता. चोवीस वर्षें ज्याच्या रंगाची अडचण झाली, त्याचाच रंग त्या रात्रीं सरकारच्या सत्यतेची साक्ष म्हणून वापरावा लागला.

तीन माणसें मेलीं, तिघेंहि काळे. त्यांतील लॉईड हॉब्ज हा सोळा वर्षांचा विद्यार्थी भावाबरोबर चित्रपट पाहून घरीं येत असतां पोलिसाच्या गोळीला बळी पडला. अफवेंतल्या मुलाचा मृत्यु खोटा होता. पण त्या खोट्या मृत्यूच्या पोटीं त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाचा खरा मृत्यु आला, आणि गोळी झाडणारावर खटलाहि झाला नाहीं.

महापौर ला ग्वार्डिया यांनीं चौकशी समिति नेमली. तिच्या संशोधनाचें काम हॉवर्ड विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांच्याकडे होतें. प्रारंभीं सरकारी वकिलापासून वृत्तपत्रांपर्यंत पुष्कळांचें निदान ठरून गेलें होतें: हें कम्युनिस्टांचें कृत्य आहे. समितीनें तें मान्य केलें नाहीं. कटाचा पुरावा नाहीं. नोकऱ्यांतील भेद, खुराडीं झालेलीं घरें, अवाच्या सवा भाडीं, अपुऱ्या शाळा, दवाखान्यांतील हेळसांड आणि पोलिसांची दांडगाई यांच्या साठ्याला ठिणगी पडली, असें तिनें लिहिलें. अहवाल महापौरांच्या हातीं गेला, आणि महापौरांनीं तो प्रसिद्ध केला नाहीं. शेवटीं १९३६ च्या जुलैंत हार्लेमच्याच 'ॲम्स्टरडॅम न्यूज' या पत्रानें तो छापला. स्वतः नेमलेल्या समितीचें उत्तर स्वतःलाच न पेलणें हा अनुभव सरकारांना नवा नाहीं.

पुढील दोन दंगलींबद्दल थोडक्यांत सांगतों. १ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रॅडॉक हॉटेलांत एका स्त्रीला अटक होत असतां रॉबर्ट बँडी हा कृष्णवर्णीय सैनिक मध्यें पडला. झटापटींत पोलिसानें झाडलेली गोळी त्याच्या खांद्याला लागली. तो जगला, पण गणवेषांतला काळा शिपाई आईच्या डोळ्यांदेखत मारला गेला, अशी वार्ता क्षणांत पसरली. सहा माणसें मेलीं, सहाहि काळीं. हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाशीं लढण्यासाठीं ज्यांना वंशवार वेगळ्या पलटणींत भरती केलें होतें, त्यांच्या घरच्यांना ती वार्ता अविश्वसनीय वाटली नाहीं. तिसरी दंगल १९६४ ची. १६ जुलै रोजीं जेम्स पॉवेल या पंधरा वर्षांच्या मुलाला, कामावर नसलेल्या एका गोऱ्या पोलीस लेफ्टनंटानें गोळी घालून ठार केलें, आणि दोन दिवसांनीं हार्लेम पेटलें. १९३५ सालीं वार्ता सर्वस्वीं खोटी होती. १९४३ सालीं अर्धी खरी. १९६४ सालीं अफवेची गरजच उरली नव्हती. ज्यांनीं तीस वर्षें खोटी वार्ता खरी मानली त्यांना मूर्ख म्हणण्यापूर्वीं हा क्रम ध्यानांत घ्यावा.

आतां कादंबरीकडे वळूं. गुप्तपोलिसी कथेचा सारा डोलारा एका श्रद्धेवर उभा असतो. गुन्हा एकाचा असतो. तो एक शोधून काढतां येतो. आणि तो सांपडला म्हणजे बाकीचें जग पूर्ववत् निरागस होतें. बेकर रस्त्यावरील त्या सुप्रसिद्ध गृहस्थानें गुन्हेगार इन्स्पेक्टराच्या स्वाधीन केला कीं वाचक सुखानें दिवा मालवितो. पण ज्या वस्तींत पोलीस दाराशीं आला म्हणजे भय जात नसून भय येतें, तेथें या कथेचें काय व्हावें?

पहिला प्रयत्न रुडॉल्फ फिशर यांचा. ते व्यवसायानें डॉक्टर होते. १९३२ सालीं त्यांनीं हार्लेमच्या एका मांत्रिकाच्या खुनावर कादंबरी लिहिली. तींतील मेलेला, मारणारा, शोधणारा, सगळेच कृष्णवर्णीय आहेत. ती मोठी खेळकर व चतुर आहे आणि शेवटीं गुन्हेगार सांपडतो. रिव्हेराच्या चाकूला अजून तीन वर्षें अवकाश होता. १९३४ सालीं, चाळिशीहि गांठण्यापूर्वीं, फिशर वारले.

चेस्टर हाइम्झ यांचें शिक्षण निराळ्या शाळेंत झालें. जन्म १९०९, घर शिक्षकाचें. लहानपणीं शाळेंतील एका रसायन-प्रयोगाच्या अपघातांत त्यांच्या भावाचे डोळे गेले. गोऱ्यांच्या रुग्णालयानें त्याला दारांतूनच परत पाठविलें, ही आठवण हाइम्झनीं आत्मचरित्रांत लिहिली आहे. १९२८ सालीं सशस्त्र चोरीच्या आरोपावरून त्यांना पकडण्यांत आलें. पोलिसांनीं उलटें टांगून मारलें आणि कबुली घेतली, असें ते सांगतात. शिक्षा वीस ते पंचवीस वर्षांची झाली. प्रत्यक्ष सुमारें साडेसात वर्षें ओहायोच्या तुरुंगांत काढलीं. तेथें १९३० सालीं लागलेल्या आगींत तीनशेंहून अधिक कैदी कोठड्यांत जळून व गुदमरून मेले. ती आग त्यांनीं पाहिली, आणि लेखनाला आरंभहि त्याच तुरुंगांत केला. गुन्हेगार, पोलीस व तुरुंग या तिहींची ओळख ग्रंथांतून झालेली नाहीं असा गुप्तपोलिसी कादंबरीकार विरळाच.

अमेरिकेंत त्यांच्या गंभीर कादंबऱ्या फारशा चालल्या नाहींत. १९५३ सालीं ते युरोपांत गेले. पॅरिसमध्यें मार्सेल द्युआमेल या प्रकाशकानें त्यांना आपल्या मालेसाठीं गुप्तपोलिसी कादंबरी लिहावयास सुचविलें. पैशाची निकड होती, म्हणून ते तयार झाले. त्या पहिल्याच कादंबरीला १९५८ सालीं फ्रान्समधील गुप्तपोलिसी वाङ्मयाचा मोठा पुरस्कार मिळाला. तिच्यांतून जे दोन गुप्तपोलीस जन्मले त्यांचीं नांवें 'कॉफिन एड' व 'ग्रेव्ह डिगर', म्हणजे एक शवपेटीचा आणि दुसरा कबरी खणणारा! उंच, आडदांड, निकेलचा मुलामा दिलेलीं लांब नळीचीं पिस्तुलें बाळगणारे हे दोघे हार्लेमच्या लोकांस मारतात, धमकावतात, आणि तरीहि त्याच लोकांच्या लुबाडणुकीनें व्यथित होतात. हाइम्झनीं त्यांना संत बनविलें नाहीं. ज्याला पोलीसठाण्यांत उलटें टांगलें होतें, त्यानेंच कबुलीसाठीं हात उगारणारे नायक निर्माण करावे, हें कोडें आम्हांस आजवर पुरतें उलगडलेलें नाहीं. परंतु या दोघांच्या मारकुटेपणाला लेखक कोठेंहि शौर्य म्हणत नाहीं, एवढें खरें.

या मालेंतील १९६५ ची 'कॉटन कम्स टु हार्लेम' ही इतिहासाच्या विद्यार्थ्यानें अवश्य वाचावी. एक भोंदू धर्मोपदेशक आफ्रिकेंत परत नेण्याचें आमिष दाखवून सत्यायशीं कुटुंबांकडून प्रत्येकीं हजार डॉलर घेतो, आणि तो पैसा लुटला जातो. यामागें मार्कस गार्वीच्या चळवळीची स्मृति स्पष्ट आहे. गार्वीनें १९१९ सालीं काळ्या लोकांच्या वर्गणींतून आगबोटींची कंपनी काढली. १९२३ मध्यें टपालाद्वारें फसवणूक केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि १९२७ सालीं देशाबाहेर पाठविण्यांत आलें. गार्वी भोंदू होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण आपल्या देशांत घर नाहीं असें ज्याला पदोपदीं जाणवतें त्याची आशा कोणीहि बाजारांत विकूं शकतो, ही गोष्ट त्या हास्यकारक कथेइतकी परिणामकारक रीतीनें चळवळीच्या इतिहासग्रंथांतहि आम्हांस आढळली नाहीं. 'रन मॅन रन' या कादंबरींत तर ते दोघे नाहींतच. दारूच्या धुंदींतला एक गोरा गुप्तपोलीस उपाहारगृहांतील दोन काळ्या नोकरांस ठार करितो आणि तिसऱ्याच्या पाठीस लागतो. खुनी कोण हें वाचकास आरंभींच कळतें. रहस्य एकच: त्या तिसऱ्याचें म्हणणें कोणी खरें मानील काय?

१९६९ सालची 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' ही मालेंतील हाइम्झनीं पूर्ण केलेली अखेरची कादंबरी. ग्रेव्ह डिगर व कॉफिन एड येथें वयस्क झाले आहेत, बढती नाहीं. एका गोऱ्या माणसाचा खून होतो. तपास वरिष्ठांस गैरसोयीचा होऊं लागतांच थांबविला जातो. तिकडे बंधुभावाची, काळ्या सत्तेची आणि काळ्या येशूची अशा तीन मिरवणुका एकाच चौकांत येऊन एकमेकींवर आदळतात. दंगल उसळते. ती कोणीं सुरू केली तें शोधा, असा हुकूम सुटतो. शोधाअंतीं ग्रेव्ह डिगर जें नांव घेतो तें कोणा चिथावणीखोराचें नसतें. शंभर वर्षांपूर्वीं ज्या राष्ट्राध्यक्षानें गुलामांना मुक्त केलें त्याचें तें नांव असतें. कारण मुक्त केलेल्यांच्या पोटापाण्याची तरतूद त्यानें केली नाहीं. अधिकाऱ्याला हें उत्तर चालत नाहीं. अहवालांत घालतां येईल असा, बेड्या घालतां येतील असा मनुष्य त्याला हवा असतो. फ्रेझियरच्या समितीचें आणि महापौरांचें जें झालें तेंच येथें ठाण्याच्या एका खोलींत होतें.

कादंबरीच्या शेवटीं भुयारी आगगाडींत एक आंधळा मनुष्य, आपण आंधळे आहों हें लपविण्याच्या हट्टांतून, भांडणांत सांपडतो, पिस्तूल काढतो आणि आवाजाच्या रोखानें गोळ्या झाडतो. भलताच माणूस मरतो. बाहेर येतांच पोलीस त्याला मारतात. आणि पाहणाऱ्यांना दिसतें तें एवढेंच, कीं गोऱ्या पोलिसांनीं एका काळ्या माणसाला मारलें. पुन्हां दंगल. या अंधाची गोष्ट आपल्याला एका मित्रानें सांगितली असें हाइम्झ प्रस्तावनेंत लिहितात. तिच्यावर रूपकाचा भार घालण्याचा मोह पुष्कळ टीकाकारांना झाला आहे. आम्हांस तींत १९३५ ची ती दुपार दिसते: प्रत्येकानें स्वतःस दिसलें त्यावरून सरळ अनुमान काढलें, आणि कोणालाच सगळें दिसलें नव्हतें.

येथें एक आक्षेप येईल. हाइम्झ हार्लेममध्यें फार काळ राहिलेले नव्हते; या कादंबऱ्या त्यांनीं समुद्रापलीकडे बसून लिहिल्या; त्यांतील रक्तपात अतिरंजित आहे आणि स्त्रियांचीं चित्रें कित्येकदां शोचनीय. हें सर्व आम्हांस मान्य आहे. रस्त्यांची नांवें वा भाड्यांचे दर या कादंबऱ्यांवरून कोणी ठरवूं नयेत. त्यासाठीं फ्रेझियरचा अहवाल आहे. पण अहवालांत पोलिसाचें मन नसतें. लोकांच्या बाजूचा म्हणून नेमलेला आणि सरकारच्या बाजूनें पगार घेणारा काळा शिपाई रात्रीं ठाण्यांतून बाहेर पडतांना काय विचार करीत असेल, हें बॅटलच्या त्या छायाचित्रांतून कळत नाहीं. ग्रेव्ह डिगरच्या उत्तरांतून थोडेंसें कळतें.

१९६७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील अनेक शहरें पेटल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं जें मंडळ नेमलें, त्याचा अहवाल १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानेंहि कटाची कल्पना फेटाळली आणि तक्रारींच्या यादींत पोलिसांचें वर्तन अग्रभागीं ठेवलें. त्या मंडळापुढें मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनीं साक्ष दिली. १९१९ च्या शिकागोचा, १९३५ च्या व १९४३ च्या हार्लेमचा, १९६५ च्या लॉस एंजेलिसचा, असे अहवाल आपण एकामागून एक वाचले. तेंच विश्लेषण, त्याच शिफारशी आणि तीच निष्क्रियता पाहून एकच चित्रपट पुन्हां पुन्हां पाहत असल्यासारखें वाटतें, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता. मंडळानें ती साक्ष आपल्या अहवालांत समाविष्ट केली. हाइम्झची कादंबरी त्यानंतरच्याच वर्षीं निघाली.

या दोन गुप्तपोलिसांची आणखी एक कथा हाइम्झनीं आरंभिली होती, ती अपुरीच राहिली. १९८४ सालीं स्पेनमध्यें त्यांचें निधन झालें. त्याच्या आदल्या वर्षीं ती फ्रेंचमध्यें निघाली, आणि इंग्रजींत १९९३ सालीं. तींत काळ्यांचें सशस्त्र बंड उसळतें, आणि त्याच्या सूत्रधाराचें काय करावें या वादांत ग्रेव्ह डिगर आपल्या इतक्या वर्षांच्या सोबत्याला, कॉफिन एडला, स्वतःच्या पिस्तुलानें ठार करितो. मागून तोहि मारला जातो. आमच्या विद्यार्थिनीला आम्हीं ही कादंबरी वाचावयास दिली होती. तिनें ती परत करतांना फक्त एवढेंच विचारलें, "सर, यांत तपास कोणाकडे दिला?"